नवले पुलाला कार्बनचा मनोरा नको

पुण्यातल्या धायरी, नऱ्हे, आंबेगाव या पट्ट्यात सध्या एक कल्पना फिरते आहे. सोसायट्यांच्या सभांत ती मांडली जाते, कॉलेजांच्या प्रकल्प-प्रदर्शनांत तिची पुठ्ठ्याची प्रतिकृती दिसते, आणि ऐकणाऱ्याला ती पटकन पटते. घराघरांतलं प्लास्टिक गोळा करायचं, बंद भट्टीत तापवून त्याचा सच्छिद्र कार्बन करायचा, तो जाळीच्या मनोऱ्यात भरायचा आणि मनोरा नवले पुलापाशी किंवा धायरी फाट्यावर उभा करायचा. गाड्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड त्यात अडकेल, हवा शुद्ध होईल, कचराही संपेल.

हे होणार नाही. वायू वेगळे करणाऱ्या यंत्रणा उभारण्यात माझी नोकरीची सारी वर्षं गेली. सच्छिद्र कार्बन हा पदार्थ मी हाताळला आहे, त्याच्यावर माझा जीव आहे, आणि म्हणूनच त्याला चुकीच्या जागी उभं केलेलं मला बघवत नाही. असा एक मनोरा उभारला, तो वर्षभरात बंद पडला, की लोक म्हणतील, ‘कार्बनचं ते सगळं थोतांड होतं.’ मग जिथे तो खरोखर उपयोगी आहे तिथेही त्याला कोणी दारात उभं करणार नाही. माझी खरी भीती ही आहे.

कल्पना मांडणारे हवेत बोलत नाहीत, हे आधी मान्य करतो. 2022 साली ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीनचा कचरा पोटॅशियम ॲसिटेटबरोबर 600 अंश सेल्सियसच्या आसपास तापवला. मागे उरलेल्या कार्बनने खोलीच्या तापमानाला स्वतःच्या वजनाच्या सुमारे 17 टक्के कार्बन डायऑक्साइड धरला आणि 75 अंशांपर्यंत तापवल्यावर तो सोडून दिला. त्याआधी 2011 मध्ये स्पेनमधल्या ओविएदो इथे मार्ता सेविया आणि अंतोनिओ फुएर्तेस यांनी पॉलिपायरॉल या पॉलिमरपासून केलेल्या कार्बनने 25 अंशांना किलोमागे सुमारे 170 ग्रॅम आणि शून्य अंशाला सुमारे 270 ग्रॅम वायू धरला होता. आकडे खरे आहेत. माझं भांडण ते आकडे उचलून नवले पुलावर आणून ठेवण्याशी आहे.

प्लास्टिक म्हणजे पॉलिमर, आणि पॉलिमर म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. हवा न लागू देता त्या तापवल्या की हायड्रोजन, ऑक्सिजन वगैरे वायुरूपाने निघून जातात आणि कार्बनचं वेडंवाकडं जाळं मागे राहतं. त्या जाळ्यात फटी असतात. पुढे वाफेने किंवा पोटॅशसारख्या क्षाराने त्या आणखी कोरल्या की ग्रॅमभर पुडीतल्या सगळ्या आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ हजार ते अडीच हजार चौरस मीटर भरतं. पण कार्बन डायऑक्साइड धरायला नुसतं क्षेत्रफळ पुरत नाही. त्याचा रेणू एका मीटरच्या तीनशे कोटींव्या हिश्शाएवढा. एक नॅनोमीटरहून अरुंद फटीत तो शिरला तर दोन्ही बाजूंच्या भिंती त्याला ओढतात आणि तो थबकतो. फट रुंद झाली की ओढ ओसरते. इथे रासायनिक बंध होत नाही, नुसती ओढ असते. म्हणून ही पकड सैल असते आणि सैल पकड हाच या पदार्थाचा मोठा गुण आहे. वायू सोडवायला फार उष्णता लागत नाही. आम्ल लागलं, पाणी लागलं तरी कार्बन सहसा कुजत नाही, गंजत नाही. याच कामाला वापरल्या जाणाऱ्या अमाइनच्या द्रावणांना हे सुख नाही.

याच गुणाची दुसरी बाजू मनोरावाले बघत नाहीत. सैल पकडीत किती वायू राहील हे भोवती तो वायू किती दाटीने आहे यावर ठरतं.

हे समजून घ्यायला परदेशी जायची गरज नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन 3 जानेवारी 1950 ला झालं आणि तिचे पहिले संचालक होते जेम्स विल्यम मॅकबेन. कॅनडात जन्मलेल्या, ब्रिस्टल आणि स्टॅनफर्डला शिकवलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने आयुष्याचा मोठा भाग घन पदार्थ वायू कसे धरतात हे मोजण्यात घालवला. कार्बन हायड्रोजन कसा धरतो यावरचं त्यांचं काम 1909 चं. पुढे 1926 मध्ये बकर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी एक साधा, सुंदर तराजू केला. काचेच्या उभ्या नळीत क्वार्ट्झची केसासारखी बारीक स्प्रिंग, तिच्या टोकाला छोटीशी बादली, बादलीत चिमूटभर कार्बन. नळी निर्वात करायची, मग वायू थोडा थोडा सोडायचा. कार्बन वायू धरत जातो, बादली जड होते, स्प्रिंग लांबते. ती किती लांबली हे बाहेरून दुर्बिणीतून वाचायचं आणि प्रत्येक वेळी नळीतला दाब शेजारी लिहायचा. वजन आणि दाब अशी जोडी. दाब न लिहिता नुसतं वजन सांगणाऱ्याला मॅकबेनच्या प्रयोगशाळेत उभं केलं नसतं.

आता मनोरावाल्यांच्या पत्रकातला 17 टक्क्यांचा आकडा बघा. त्याच्या शेजारी दाब लिहिलेला नसतो. तो एक वातावरण दाबाच्या, कोरड्या, शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजलेला असतो. नळीत दुसरा वायू नाही, पाणी नाही, धूळ नाही. धायरीच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत 420 हून थोडा जास्त, म्हणजे शेकडा 0.04. शुद्ध वायूच्या मानाने त्याचा दाब अडीच हजार पटींनी कमी. तिथे स्प्रिंग जवळजवळ हलतच नाही. फार उदार होऊन हिशोब केला तरी चांगल्यातला चांगला कार्बन अशा हवेत किलोला एक ग्रॅमच्या आसपासच धरेल.

हा आकडा रस्त्यावर आणून बघू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. किलोला एक ग्रॅम म्हणजे टनाला एक किलो. एका स्कूटरने जाळलेल्या एका लिटरची भरपाई करायला दोन-सव्वादोन टन कार्बन एकदा काठोकाठ भरावा लागेल. शिवाय घनमीटरभर हवेत हा वायू जेमतेम पाऊण ग्रॅम. म्हणजे त्याच एका लिटरसाठी तीन हजार घनमीटर हवा त्या कार्बनमधून पंख्याने ढकलावी लागेल, आणि तीही त्यातला कणन् कण पकडला जातो असं धरून. नवले पुलावरून दिवसभरात किती लिटर इंधन जळत जातं याचा अंदाज वाचकाने स्वतःच करावा. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी एकदा उभं राहिलेल्याला तो करता येतो.

यावर मला एक उत्तर मिळालं: ‘पुलाजवळ प्रमाण जास्त असतं, तुम्ही सरासरी धरता.’ जास्त असतं, खरं आहे. गर्दीच्या रस्त्याकडेला 500, 600 पर्यंत जाऊ शकतं. त्याने वरचा आकडा सव्वापट किंवा दीडपट होईल. दोन टनांऐवजी दीड टन. मुद्दा तसूभरही हलत नाही.

आणि पाऊस? जून ते सप्टेंबर धायरीच्या हवेत पाण्याच्या वाफेचे रेणू कार्बन डायऑक्साइडच्या पन्नास-साठ पट असतात. कार्बन मुळात पाण्याला फारसा जवळ करत नाही. पण या पदार्थात नायट्रोजन घालून पकड वाढवली आहे असं जेव्हा अभिमानाने सांगितलं जातं, तेव्हा त्याच नायट्रोजनमुळे पाण्याचीही ओढ वाढते हे सांगायचं राहून जातं. दमट दिवसांत अरुंद फटींमध्ये आधी पाणी जाऊन बसतं आणि मग मनोरा पाणी गोळा करत राहतो.

सगळ्यात मोठी गल्लत मात्र रसायनशास्त्रातली नाहीच. नवले पुलाजवळ राहणाऱ्याचा घसा खवखवतो, गॅलरीत काळी पूड साचते, मुलांना खोकला लागतो. त्याला कारण बारीक धूलिकण, डिझेलची काजळी, नायट्रोजनची ऑक्साइडं. तिथल्या लोकांची तक्रार शंभर टक्के रास्त आहे आणि तिचं उत्तर महापालिकेने, वाहतूक खात्याने द्यायलाच हवं. कार्बन डायऑक्साइडने कोणाचा घसा खवखवत नाही. तो पृथ्वीला तापवतो आणि वाऱ्याबरोबर जगभर पसरतो. धायरीत पकडलेला किलोभर वायू आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला पकडलेला किलोभर वायू यांचा पृथ्वीच्या तापमानावरचा परिणाम एकच. मग तो जिथे सर्वांत विरळ आहे अशा उघड्या हवेत सैल पकडीचा पदार्थ घेऊन का उभं राहायचं? लोकांचा खोकला दाखवून त्यांच्याकडून दुसऱ्याच रोगाच्या औषधाचे पैसे घेण्यासारखं हे आहे, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

पकडल्यानंतरचा प्रश्नही कोणी विचारत नाही. ओलं फडकं पिळल्याशिवाय पुन्हा पाणी टिपत नाही. कार्बन भरला की तो तापवून किंवा दाब उतरवून रिकामा करावा लागतो. बाहेर आलेला वायू कुठे नेणार? आइसलँडमध्ये हेल्लिशेइदी इथे तो पाण्यात विरघळवून बेसॉल्ट खडकात सोडला, आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यातला 95 टक्क्यांच्या आसपास वायू दोन वर्षांच्या आत दगड होऊन बसला. सिंहगडही बेसॉल्टचाच, सगळी सह्याद्रीची रांग बेसॉल्टची. पण आपल्याकडे हा विषय अजून अभ्यासाच्या टप्प्यावर आहे. मनोऱ्याच्या आराखड्यात तर गोळा झालेल्या वायूची टाकीही दाखवलेली नसते. म्हणजे रात्री पकडलेला वायू दुपारच्या उन्हात आपोआप परत हवेत.

आता प्लास्टिककडे येतो, कारण धायरीकरांच्या मनाला खरं भिडतं ते हेच. 2017 साली धायरीचा उरलेला भाग ज्या 11 गावांबरोबर महापालिकेत आला, त्याच यादीत उरुळी देवाची आणि फुरसुंगी होती. शहराच्या कचऱ्याचा डोंगर त्या गावांनी वर्षानुवर्षं सोसला. 2018 साली राज्यात प्लास्टिकबंदी आली. तरीही नाल्याच्या कडेला काय अडकलेलं असतं ते आपण रोज बघतो. कचऱ्याचं काही तरी सोनं व्हावं ही तळमळ मला समजते.

पण कोणत्या प्लास्टिकचा कार्बन होतो? पाण्याच्या बाटलीच्या पेटमध्ये बेंझिनची कडी असते. तापवल्यावर शंभर किलोमागे वीसेक किलो कोळसा मागे राहतो आणि तो कोरताना आणखी घटतो. दुधाची पिशवी, कॅरीबॅग, डबे हे पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन. काही मिसळल्याशिवाय तापवलं तर मागे जवळजवळ काहीच उरत नाही, सगळं मेण, तेल आणि वायू होऊन जातं. राइसच्या मंडळींनी पोटॅशियमचा क्षार मिसळला तो त्यासाठीच, आणि तरीही बराचसा भाग मेण-तेल म्हणूनच बाहेर येतो. पाइपांच्या आणि वायरींच्या पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो. वस्तीत चालवायच्या भट्टीत तो विषयसुद्धा काढू नये. कुरकुरे-बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनात तर चार थर आणि मध्ये ॲल्युमिनियम.

म्हणजे ज्या प्लास्टिकचा बरा कार्बन होतो ती पेटची बाटली. तिला आजही गिऱ्हाईक आहे. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून पुण्यात दारोदार कचरा उचलते, आणि त्या बायका सुका कचरा उलगडून बाटल्या वेगळ्या काढतात, भंगारवाल्याला विकतात. ती त्यांची कमाई. मनोऱ्यासाठी बाटल्या गोळा करणं म्हणजे त्यांच्या ताटातली भाकरी काढून घेणं. ज्या वेष्टनांना कोणी हात लावत नाही ती मात्र मनोऱ्यालाही नकोच असणार. कचरा संपेल हे आश्वासन इथेच निकालात निघतं.

कार्बन कसा कोरतात हेही बघण्यासारखं आहे. प्रयोगशाळेतले सगळ्यात देखणे आकडे बहुधा कॉस्टिक पोटॅशने कोरलेल्या कार्बनचे असतात. एक भाग कोळसा, दोन ते चार भाग पोटॅश, सातशे-आठशे अंश. भट्टी थंड झाल्यावर आतल्या पात्रातून काळं, ओलसर, चिकट ढेकूळ निघतं. ते आम्लाने धुवायचं, मग पाण्याने, मग पुन्हा पाण्याने. गाळणीखालचं पाणी पीएच कागदावर टाकलं की कागद गडद निळा. पुन्हा धुवा, पुन्हा निळा. हातावर उडालं तर चामडी बुळबुळीत होते. चिमूटभर पुडीसाठी बादलीभर पाणी जातं. प्रबंधात याला एक ओळ मिळते: नमुना उदासीन होईपर्यंत धुतला. टनाच्या हिशोबात ही ओळ म्हणजे क्षारयुक्त सांडपाण्याचा लोंढा. तो धायरीच्या कोणत्या नाल्यात सोडणार? पोटॅशसाठी आपला देश जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे, ते वेगळंच. वाफेने किंवा कार्बन डायऑक्साइडनेच कोरायची रीत जुनी आहे, आकडे थोडे कमी येतात, पण धुलाई टळते. मला विचाराल तर पोटॅशचा उच्चांक मोडणाऱ्यापेक्षा वाफेवर बरा कार्बन करून दाखवणाऱ्याचं काम मोठं.

माझी बाजू ऐकून काही जण टाळ्या वाजवतात आणि म्हणतात, ‘बरोबर, हे सगळं सोडा, झाडं लावा.’ त्यांच्या पंगतीला मी बसत नाही. झाडं लावायलाच हवीत. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंटच्या भट्टीत चुनखडी भाजली की दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला साठ टक्क्यांच्या आसपासचा वाटा हाच. सौर वीज आणली तरी तो थांबत नाही. अशा धुरासाठी पकडण्याचं तंत्र लागणारच. तुतिकोरिनमध्ये 2016 पासून ‘कार्बन क्लीन’ या कंपनीच्या तंत्राने कोळशाच्या बॉयलरच्या धुरातून वर्षाला 60,000 टनांपर्यंत वायू पकडून त्याचा सोडा ॲश करण्याची यंत्रणा उभी राहिली. तिथे कार्बन नव्हे, द्रावण वापरलं. पण ती उभी राहिली कारण धूर दाट होता आणि वायूला शेजारीच गिऱ्हाईक होतं.

मग सच्छिद्र कार्बन बॉयलरच्या चिमणीवर लावू या का? कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड 12 ते 15 टक्के. खोलीच्या तापमानाला त्या दाबावर चांगले कार्बन किलोला 35 ते 65 ग्रॅम धरतात, म्हणजे पत्रकातल्या आकड्याच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाएवढा. पण चिमणीतला धूर गरम, ओला, गंधकाच्या ऑक्साइडांसकट येतो, आणि सोबतचा नायट्रोजनही थोडी जागा अडवतो. त्यामुळे हा आकडा आणखी उतरतो. हे काम अशक्य नाही, पण कष्टाचं आहे. या बाबतीत पुण्याशी नातं असलेलं एक उदाहरण बोलकं आहे. 2021 साली ‘सायन्स’ नियतकालिकात कॅल्गरीच्या जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने कॅल्फ-20 या पदार्थाबद्दल लिहिलं, आणि त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पुण्याच्या आयसरचे रामनाथन वैद्यनाथन आहेत. कॅल्फ-20 हा कार्बन नव्हे, जस्त आणि सेंद्रिय रेणूंची स्फटिकी जाळी आहे. त्याचं नाव झालं ते सर्वांत जास्त वायू धरतो म्हणून नव्हे. हवेतली आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली असेपर्यंत तो पाण्याला बाजूला सारून कार्बन डायऑक्साइड धरतो, वाफ लागली तरी टिकतो, खऱ्या धुरात ठेवला तरी टिकतो, म्हणून. आमच्या कार्बनवाल्या मंडळींनी याच कसोट्यांवर उतरायला हवं.

आणि तरी पॉलिमरपासून केलेल्या कार्बनला आजच्या आज, पुणे जिल्ह्यातच, त्याच्या गुणांना शोभेल असं काम आहे. ते काम बायोगॅस शुद्ध करण्याचं.

बायोगॅसमध्ये मिथेन 55 ते 60 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड 35 ते 45 टक्के. गाडीत भरण्याजोगा गॅस करायचा तर भारतीय मानकानुसार मिथेन किमान 90 टक्के लागतो आणि कार्बन डायऑक्साइड चार टक्क्यांच्या खाली आणावा लागतो. हा गॅस चिमणीतल्या धुरासारखा गरम नसतो. तो पाच-सहा बार दाबाने कार्बनच्या टाकीत सोडला, तर त्यातल्या एकट्या कार्बन डायऑक्साइडचाच दाब दोन बारच्या आसपास जातो. पत्रकातला 17 टक्क्यांचा आकडा एक बारवरचा होता. नवले पुलावर जो आकडा दिशाभूल करतो, तोच इथे खरा ठरतो, उलट थोडा कमीच सांगितलेला ठरतो. रिकामा करायला भट्टी लागत नाही, दाब उतरवला की पुरे.

अशी यंत्रणा चालताना उभं राहून बघावी. दोन उंच टाक्या शेजारी शेजारी. एकीत गॅस दाबाने चढतो, वरून मिथेन निघतं. काही मिनिटांत झडपा खटाखट फिरतात, भरलेल्या टाकीतून फुस्स करून दाब सुटतो आणि काम दुसरीकडे सरकतं. हात लावला तर भरताना टाकी कोमट लागते, रिकामी होताना गार. कार्बन वायू धरतो तेव्हा उष्णता सोडतो, सोडतो तेव्हा घेतो. तळहाताला ते कळतं. याच तत्त्वावर, वेगळ्या फटींच्या कार्बनने हवेतून नायट्रोजन काढण्याची तऱ्हा जर्मनीतल्या एसेनमध्ये 1970 च्या दशकात रुळली. लेझरने पत्रा कापणाऱ्या शेडमध्ये स्वतःचा नायट्रोजन जनरेटर असला, तर त्याच्या पोटात बहुधा असाच कार्बन असतो. म्हणजे हा पदार्थ कारखान्यात टिकतो याचा दाखला शोधायला फार लांब जावं लागत नाही.

इथे पॉलिमरचं महत्त्व येतं. मिथेनचा रेणू 0.38 नॅनोमीटर, कार्बन डायऑक्साइडचा 0.33. एवढ्याशा फरकावर दोघांना वेगळं करायचं तर फटी एकसारख्या हव्यात. फट ढिली झाली की मिथेनही आत जाऊन बसतो आणि दाब सोडताना हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेनचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या 25 ते 30 टनांएवढा तापवतो, तेव्हा ही गळती म्हणजे सगळं मुसळ केरात. नारळाची करवंटी स्वस्त आहे, तिचा कार्बन उत्तम होतो, पण या बागेतली करवंटी त्या बागेतल्यासारखी नसते. पॉलिमर आपण ठरवून करतो. साखळी कोणती, जोड किती, कडी कुठे हे हातात असतं, आणि त्यावर फटीची रुंदी बऱ्याच अंशी ठरते. फिनॉल-फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनचा, म्हणजे बेकलाइटच्या घराण्याचा, निम्म्याच्या आसपास कोळसा उरतो. तो पेटच्या दुपटीहून जास्त झाला. शिवाय बेकलाइट एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. जुने स्विच, कुकरचे दांडे, मोल्डिंगच्या शेडमध्ये साच्यातून निघणारे वाया तुकडे यांना भंगारवालाही तोंड वाकडं करूनच घेतो. त्यात लाकडाचा भुसा, खनिज पूड मिसळलेली असते, म्हणून तो माल सरसकट चालणार नाही, निवडावा लागेल. पण कचऱ्यातल्या प्लास्टिकचा कार्बन करायचाच हट्ट असेल, तर प्रयोगाची सुरुवात या ढिगापासून व्हावी. कचरावेचकांच्या बाटल्यांना हात लावायचं कारण नाही.

आणि गॅस? सोमेश्वरनगर, माळेगावपासून थेट नगर-सोलापूरपर्यंत साखर कारखान्यांचा पट्टा आहे. उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर, म्हणजे प्रेसमडवर, बायोगॅस चालतो. 1 ऑक्टोबर 2018 ला केंद्राची ‘सतत’ योजना आली तेव्हापासून या गॅसला तेल कंपन्यांचं गिऱ्हाईक आहे. महापालिकेनेही शहरात पाच-पाच टनांचे छोटे बायोगॅस प्रकल्प उभारले. त्यातले बरेच नीट चालत नाहीत या तक्रारी पुणेकरांनी वाचल्या आहेत, आणि त्याचं एक ठळक कारण ओल्या कचऱ्यात येणारं प्लास्टिक हेच आहे. कारखान्यांच्या डिस्टिलरीत तर याहून सोपी गोष्ट घडते. एक लिटर इथेनॉल आंबून तयार होताना सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो जवळजवळ शुद्ध असतो. त्याला कोणत्याही कार्बनची गरज नाही. धुवा, वाळवा, दाबा, भरा. हवेतला 0.04 टक्के वायू पकडण्याच्या गप्पा मारताना आंबवण्याच्या टाकीवरून नव्वदपेक्षा जास्त टक्क्यांचा वायू उघड्यावर सोडत राहणं कोणत्याही हिशोबात बसत नाही.

म्हणून माझं सांगणं मनोऱ्याच्या पुरस्कर्त्यांना आहे आणि प्रयोगशाळांनाही आहे. पॉलिमरच्या रसायनात पुण्याची प्रयोगशाळा देशात अग्रेसर राहिली आहे. इथून निघणाऱ्या प्रत्येक सच्छिद्र कार्बनच्या आकड्याशेजारी दाब लिहा, तापमान लिहा, हवा ओली होती की कोरडी ते लिहा. शून्य अंशाचा आकडा मथळ्यात नको. शंभर किलो पॉलिमरमधून शेवटी किती किलो कार्बन हातात आला आणि तो धुवायला किती पाणी गेलं, तेही त्याच तक्त्यात हवं. आणि शुद्ध वायूच्या नळकांड्यावर थांबू नका. एखाद्या चालू प्रकल्पाच्या गॅस लाइनवर बारीकशी टाकी जोडा, गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड आधी काढून टाका, मग भरा-सोडाचे हजार फेरे करा आणि मिथेन किती गळलं ते छापा. आकडा 17 चा 9 आला तरी छापा. तो आकडा हाती असेल तर कारखान्याचा इंजिनिअर तुमच्याशी बोलेल.

धायरीतल्या विद्यार्थ्यांनाही हेच सांगतो. पुठ्ठ्याचा मनोरा करण्यात जेवढी रात्र जागलात तेवढ्यात सायकलच्या ट्यूबमध्ये भरून आणलेला बायोगॅस कार्बनच्या नळीतून सोडून बघता आला असता. पुढून निघणारा गॅस आधी कसा जळतो आणि नंतर कसा, हे डोळ्यांना दिसतं. शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि उघड्या जागेत केला, तर हा प्रयोग प्रदर्शनातल्या कोणत्याही प्रतिकृतीपेक्षा जास्त शिकवेल.

आमच्या सोसायटीच्या सभेत मनोऱ्यासाठी वर्गणीचा ठराव आला तर मी विरोधात मत देणार आहे. ओल्या कचऱ्याच्या बादलीत प्लास्टिकचा एक तुकडाही जाऊ द्यायचा नाही आणि ती बादली चालू बायोगॅस प्रकल्पापर्यंत रोज पोचवायची, असा ठराव कोणी मांडणार असेल तर अनुमोदक म्हणून माझं नाव आत्ताच लिहून घ्या.